आरसी विमानाला लायपो बसवताय? या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या केर्लीच्या पुढे ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी रिमोटवरची (आरसी) विमानं उडवतो. दर हिवाळ्यात एखादा नवा पोरगा येतो. हातात कुणाकडून तरी स्वस्तात मिळालेलं फोमचं ट्रेनर (शिकायचं विमान), आत जुनी ब्रश मोटार, आणि जुन्या निकेल बॅटरीच्या पॅकच्या जागी नवीकोरी लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी. शनिवारी रात्री प्लग जोडायचा आणि रविवारी सकाळी उडवायचं, एवढीच तयारी. पुढे काय होतं ते इतक्यांदा बघितलंय की आता लिहूनच काढतो.

सीजी न बघता विमान सोडणं

सीजी म्हणजे विमान जिथं तोलतं तो बिंदू. माझ्या मते सगळ्यात जास्त विमानं तो न बघितल्यानंच मोडतात. दोन वर्षांपूर्वी उद्यमनगरात लेथवर काम करणारा एक पोरगा आला होता. दिवसभर व्हर्नियर हातात असणारा माणूस, पण इथं त्यानं काहीच मोजलं नव्हतं. जुन्या पॅकच्या खोबणीत लायपो ठेवून भोवती थर्माकोलचे तुकडे कोंबलेले. मी म्हटलं, "अरे, तोल बघितलास का?" तर म्हणतो, "काका, वजन कमी झालंय, आता बघा कसं पळतंय ते!"

विमान हातातून सुटलं आणि नाक वर गेलं. त्यानं नाक खाली घ्यायला रिमोटवर डाऊन दिला, नाक खाली आपटल्यासारखं आलं, परत वर. तिसऱ्या हेलकाव्याला डावा पंख पडला आणि विमान शेजारच्या उभ्या उसात. तासभर शोधत होतो, उसाच्या पात्यांनी हात चिरून निघाले.

नंतर दोन्ही पॅक काट्यावर ठेवले. सात सेलचा जुना पॅक ४०० ग्रॅम, नवी २२०० एमएएच क्षमतेची टू-एस (दोन सेलची) लायपो १२० ग्रॅम. म्हणजे नाकाकडचं २८० ग्रॅम वजन गेलं. बॅटरीची जागा सीजीच्या ८ सेंटिमीटर पुढे आणि बॅटरीशिवाय विमान ७०० ग्रॅमचं. हिशेब केला तर सीजी पावणेतीन सेंटिमीटर मागे सरकलेला. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर. ट्रेनरचा सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर लागतो, म्हणजे इथं ५ ते साडेसहा सेंटिमीटरवर. याचा नऊच्या जवळ गेला होता. असं विमान मुरलेल्या माणसालाही आवरत नाही.

मी काय करतो सांगतो. जुना पॅक आत असतानाच पंखाखाली सीजीच्या दोन खुणा मार्करने करून ठेवतो. लायपो बसवली की त्याच खुणांवर दोन बोटांनी विमान उचलतो. नाक किंचित खाली झुकलं तरच पुढचं काम. शेपूट खाली गेली तर आधी बॅटरी जाईल तितकी पुढे सरकवतो, फोम कापावा लागला तरी कापतो. तरीही कमी पडलं तर टायरवाल्याकडे चाक बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं मिळतात, ती नाकात. "लायपो हलकी म्हणून घेतली आणि परत वजन कशाला लावू?" असं पोरं विचारतात. लावायचं. तरीही विमान आधीपेक्षा हलकंच राहतं.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट घडली. सापडलेल्या विमानातली बॅटरी कोपऱ्यात चेपली होती. पोरगा ती सॅकमध्ये टाकायला निघाला होता. मी काढून घेतली आणि बांधावर उघड्या मातीत ठेवली. दहा-पंधरा मिनिटांत ती उशीसारखी फुगली, गोडसर उग्र वास आला आणि मग धूर. आजूबाजूला वाळलेलं पाचट पसरलेलं होतं. आपण ज्याच्या रानात उडवतो त्याचा ऊस आपल्यामुळं पेटला, तर त्याला तोंड कसं दाखवायचं? आपटलेली बॅटरी सॅकमध्ये, डिकीत, गाडीत ठेवायची नाही. निदान अर्धा-पाऊण तास मोकळ्या मातीत, नजरेसमोर.

थ्री-एसचा मोह

सात सेलच्या निकेल पॅकचे ८.४ व्होल्ट. टू-एस लायपो पूर्ण भरली की तेवढेच, चालताना ७.४ च्या आसपास. म्हणजे त्याची जागा टू-एसच घेते. थ्री-एस ११.१ व्होल्टची. दीडपट व्होल्टेजवर तोच पंखा (प्रोपेलर) फिरवला तर ढोबळमानानं करंट दुपटीच्या वर आणि मोटारवरचा भार तिपटीच्या वर जातो. ब्रश मोटार दोन-तीन मिनिटांत वास मारायला लागते, नाहीतर ईएससी (मोटारचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) जळतो. ईएससी जळला की सर्व्होचाही (विमान वळवणाऱ्या छोट्या मोटारींचाही) करंट जातो आणि विमान हातातून गेलंच. जास्त ताकद हवी असेल तर ब्रशलेस मोटार आणि तिला जुळणारा ईएससी घ्या. तेवढी थांबायची तयारी नसेल तर टू-एसवर उडवा, शिकायला ती भरपूर आहे.

जुना चार्जर

निकेलचा चार्जर लायपोला कधीही लावायचा नाही. निकेलचा पॅक भरल्यावर व्होल्टेज जरासं खाली येतं, त्या खुणेवर तो थांबतो. लायपोत ती खूण येतच नाही, म्हणून तो सेलला ४.२ व्होल्टच्या पुढे ढकलत राहतो आणि शेवटी आग लागू शकते. प्रत्येक सेल सारखा भरणारा बॅलन्स चार्जर घ्या, २२०० च्या पॅकला २.२ अँपिअर लावा, मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करा आणि संपेपर्यंत खोलीतून हलू नका. चार्जिंगला लावून झोपणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना माझ्या टेबलावर चार्जिंग करू देत नाही.

मोटार बंद पडेपर्यंत उडवणं

निकेलवर ही सवय चालून जाते. जुन्या ईएससीचा कटऑफ (ज्या व्होल्टेजला तो मोटार बंद करतो) बऱ्याचदा ५ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे लायपोचा एकेक सेल अडीच व्होल्टवर येतो. ३ च्या खाली गेलेला सेल परत पहिल्यासारखा होत नाही. शंभर-दोनशे रुपयांचा बझर बॅटरीच्या बॅलन्स प्लगला लावा, सेल ३.५ व्होल्टवर आला की ओरडेल असा सेट करा. शिवाय रिमोटवर टायमर. पहिल्या उड्डाणानंतर चार्जरनं किती एमएएच परत भरले ते बघा. २२०० च्या पॅकमध्ये १७०० च्या वर गेले असतील तर टायमर एक मिनिट कमी करा. मी प्रत्येक पॅकवर ऑइल पेंटनं नंबर टाकलाय आणि हे आकडे वहीत लिहितो.

बारक्या गोष्टी

प्लग बदलताना लाल आणि काळी वायर एकदम कापू नका, पक्कड दोन्हींना लागली की शॉर्ट. जुना पांढरा प्लग गरम होतो, एक्सटी-६० प्लग बसवा. घरात बॅटरी जोडून बघताना पंखा काढून ठेवा.

आणि आपल्याकडचा पावसाळा. जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत उडवणं बंद, आणि शेवटच्या रविवारसाठी भरलेले पॅक तसेच कपाटात पडून राहतात. दिवाळीत बाहेर काढले की फुगलेले. पाऊस लागला की त्याच आठवड्यात सगळे पॅक चार्जरच्या स्टोरेज मोडवर लावा, सेलला ३.८ व्होल्ट. माझे पॅक पत्र्याच्या डब्यात, जिन्याखाली, गॅस सिलिंडरपासून लांब असतात आणि महिन्यातून एकदा मीटर लावून बघतो.