भुलेच्या आणीबाणीची चेकलिस्ट बनवताय? या चुका टाळा

चेकलिस्ट लिहिताना आपण खुर्चीत असतो, शेजारी चहा असतो. ती वाचायची वेळ येते तेव्हा मॉनिटर कोकलत असतो, सर्जन तिसऱ्यांदा ‘काय झालं?’ विचारत असतात आणि सिस्टरांच्या हातून ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, फुटत नसते.

मी ॲनाफायलॅक्सिसचं, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीचं, पान पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा त्यात कारणं, प्रकार, तपासण्या सगळं होतं. एमडीच्या पेपरात छान मार्क पडले असते. जीव वाचवणारं औषध, ॲड्रेनॅलिन, मात्र नवव्या ओळीत!

मग ते वर आणलं: ‘५० मायक्रोग्रॅम शिरेतून’. तेही अर्धवटच. ट्रॉलीत मायक्रोग्रॅम नसतात, ॲम्प्यूल असते. १ मिलीत १ मिलिग्रॅमची. घाईत हा हिशेब दहापट चुकायला वेळ लागत नाही. आता ओळ अशी आहे: ‘एक ॲम्प्यूल + ९ मिली सलाइन = १० मिली. प्रौढाला त्यातलं अर्धा मिली शिरेतून.’ ‘अर्धा’ मुद्दाम अक्षरात. ०.५ मधला टिंब पुसट छापला गेला, की वाचणाऱ्याला ५ दिसतात.

परदेशी मॅन्युअल जसंच्या तसं लॅमिनेट करू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं चांगलं आहे, फुकटही मिळतं. पण मॅलिग्नंट हायपरथर्मियाच्या (भुलेच्या वायूमुळे अंग जीवघेणं तापतं, त्याच्या) पानावर डॅन्ट्रोलीन हे त्यावरचं औषध येतं. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे अडीच मिलिग्रॅम धरलं तर पहिल्याच डोसला १५० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे २० मिलिग्रॅमच्या आठ व्हायल, प्रत्येकीत ६० मिली स्टराइल वॉटर. नुसतं विरघळवायलाच दोन माणसं हवीत. आणि तुमच्या कपाटात ते नसेलच, तर ‘डॅन्ट्रोलीन द्या’ या ओळीचा उपयोग काय? तिथे कुठून मागवायचं ते फोन नंबरसकट लिहा. त्याच्या वर, ठळक अक्षरांत: भुलेचा वायू बंद, १०० टक्के ऑक्सिजन, रुग्णाला थंड करा.

‘मला सगळं पाठ आहे’ म्हणणारे सीनियर प्रत्येक ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) भेटतात. त्यांना २०१३चा अमेरिकेतला अभ्यास सांगा. १७ टीमना कृत्रिम आणीबाणीत उभं केलं, तेव्हा चेकलिस्टशिवाय २३ टक्के महत्त्वाच्या पायऱ्या सुटल्या. चेकलिस्ट हाताशी असताना ६ टक्के. अर्थात ती कोणीतरी मोठ्याने वाचायला हवी. हे काम भूलतज्ज्ञाकडे देऊ नका, त्याचे हात गुंतलेले असतात. वाचणाऱ्याचं नाव सकाळीच ठरवा आणि त्याला दुसरं काम सांगू नका.

छापण्याआधी एक ड्रिल, म्हणजे खोट्या आणीबाणीची रंगीत तालीम, कराच. आमच्या ड्रिलमध्ये कळलं, की चकचकीत लॅमिनेशनवर ओटीचा दिवा पडला की एक अक्षर दिसत नाही. मॅट कागद घेतला, टाइप मोठा केला. यादी कपाटात असायची, किल्ली इनचार्ज सिस्टरांकडे आणि त्या रजेवर, हेही तेव्हाच उघड झालं. आता ती भुलेच्या मशीनला टांगलेली असते.

पानाखाली तारीख टाका आणि नवी प्रत आली की जुनी फाडा. नाहीतर शेजारशेजारच्या दोन ओटींत दोन वेगळे डोस भिंतीवर राहतात.