मोठं टेबल कोडमध्ये घालायच्या आधीची तयारी

आधी टेबलमध्ये (प्रोग्रामला लागणाऱ्या तयार किमतींच्या यादीत) नोंदी किती ते मोजा आणि कंपायलर (कोडचं मशीनला चालेल अशा रूपात भाषांतर करणारा प्रोग्राम) त्यांचं काय करतो ते समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच होतो. जावात स्टॅटिक अ‍ॅरे तयार डेटा म्हणून साठवला जात नाही, क्लास सुरू होताना एकेक किंमत भरणारा कोड बनतो, इंटच्या (पूर्णांकाच्या) एका नोंदीला साधारण ७-८ बाइट जातात आणि एका मेथडला (फंक्शनला) परवानगी फक्त ६५,५३५ बाइटची, म्हणजे आठ-नऊ हजार नोंदींच्या आसपास 'कोड टू लार्ज' (कोड फार मोठा) ही एरर येणारच. वेगवेगळ्या मेथडमध्ये तुकडे केले तर थोडं पुढे जाता येतं, पण किमती मोठ्या आणि वेगवेगळ्या असतील तर मग कॉन्स्टंट पूल (क्लासमधल्या स्थिर किमतींची यादी, तिलाही मर्यादा असते) भरतो.

हे टाळायला जावात टेबल स्ट्रिंगमध्ये (अक्षरांच्या मालिकेत) पॅक करणार असाल तर हे नक्की बघा. एका स्ट्रिंगलाही ६५,५३५ बाइटचीच मर्यादा आहे, आणि लिटरल्स (कोडमध्ये थेट लिहिलेल्या स्ट्रिंग) प्लसने जोडून ती चुकत नाही कारण कंपायलर ती एकच करून टाकतो. शिवाय शून्याला तिथे २ बाइट लागतात, १ ते १२७ ला एकच, त्यामुळे टेबलात शून्यं जास्त असतील तर सगळ्या किमती एकने वाढवून साठवा आणि वाचताना एक वजा करा, भरपूर जागा वाचते.

सी-सी++ वाल्यांनी कंपायलरचं व्हर्जन बघून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला स्ट्रिंगचा एक तुकडा साधारण १६ हजार बाइटपर्यंतच चालतो. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरला तसं बंधन नाही, पण लाखो आकडे स्वल्पविराम देऊन लिहिले की प्रत्येक आकडा पार्स होतो, मेमरी आणि वेळ दोन्ही जातात. जीसीसी १५ किंवा क्लँग (आणखी एक कंपायलर) १९ असेल तर सी२३ (सी भाषेची नवी आवृत्ती) मधलं हॅश-एम्बेड (#embed, फाईल थेट कोडमध्ये घेणारी सूचना) वापरा, सरळ आहे. जुनं असेल तर असेंब्लीतलं इन्कबिन (.incbin, फाईल जशीच्या तशी घेणारी सूचना), फक्त त्याच्या आधी अलाइनमेंट (डेटा मेमरीत ठराविक पटीच्या पत्त्यावर ठेवणं) स्वतः द्या, ती आपोआप मिळत नाही. लिंकरकडून (तयार तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या टूलकडून) बायनरी फाईल आत घेतली तर तो देतो त्या साईजच्या सिम्बॉलचा (नावाचा) पत्ता हीच साईज असते, तिथली किंमत वाचायला जाऊ नका, इथे फार लोक अडकतात. रस्ट आणि गोमध्ये ही सोय भाषेतच आहे.

टेबल हाताने कधीच लिहू नका, ते तयार करणारी जनरेटर स्क्रिप्ट रेपोमध्येच (कोडच्या साठ्यातच) ठेवा आणि बिल्डला मूळ डेटा फाईलवर डिपेंडन्सी द्या, नाहीतर डेटा बदलतो आणि बायनरीत जुनाच राहतो. टेस्टमध्ये लांबी, सीआरसी (डेटा बदलला का ते सांगणारा तपासणी आकडा) आणि शेवटची नोंद तपासा.