सर्व्हर चालू आहे का, ते आधी बघा

२८ जुलै २०२२ च्या संध्याकाळी बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाईल या लढाईच्या खेळाचा भारतापुरता अवतार, गुगल आणि अॅपल या दोन्ही स्टोअरवरून गायब झाला. एका पोर्टलसाठी गेमिंगच्या बातम्या द्यायला लागून मला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. डेस्कवरून फोन आला, ‘वीस मिनिटांत टाक.’ मी सतराव्या मिनिटाला टाकली. मथळा: ‘बीजीएमआय बंद!’ बातमी धावली, डेस्क खूश. दुसऱ्या दिवशी स्क्रीनगार्ड बसवायला कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात गेलो, तर काउंटरमागचा पोरगा त्याच खेळातल्या एरांगेल बेटाच्या रस्त्यावर जीप पळवत होता.

“अरे, हा तर बंद झाला ना?”

त्यानं मानसुद्धा वर केली नाही. “कुठं बंद, दादा? नवीन डाउनलोड होत नाही फक्त. ज्याच्यात आहे त्याच्यात चालतोय. कुणी सांगितलं बंद म्हणून?”

मी स्क्रीनगार्डचे दीडशे रुपये दिले आणि गुपचूप बाहेर पडलो.

या क्षेत्रात लिहू पाहणारी मुलं मला विचारतात, सुरुवात कुठून करायची. मी त्यांना हा किस्सा सांगतो, कारण ‘बंद’ हा एक शब्द नीट लिहिता आला तरी निम्मं काम शिकल्यासारखं आहे. पबजी मोबाईलचंच बघा. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात तो होता. पण ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता ते खेळतच राहिले. भारतापुरती सेवा खरोखर थांबली ती ३० ऑक्टोबरला. पीसीवरचा पबजी तर त्या यादीत नव्हताच. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर या तसल्याच खेळावर बंदी आली, पण त्याचीच दुसरी आवृत्ती फ्री फायर मॅक्स स्टोअरवर तसाच राहिला आणि पोरं एका रात्रीत तिकडं सरकली. आणि मी ज्याला ‘बंद’ करून टाकलं होतं तो बीजीएमआय मे २०२३ मध्ये रीतसर परत आला. आदेश निघाला, स्टोअरवरून काढलं, सर्व्हर थांबला: या तीन वेगळ्या घटना आहेत, तीन वेगळ्या तारखांच्या. मथळा देण्यापूर्वी स्वतःच्या फोनवर लॉगिन करून बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी तेव्हा दिली नव्हती.

मी इथं आलो तो जिल्हा पानावरून. चार वर्षं बाजार समितीचे भाव, नगरपालिकेच्या सभा, पाणीटंचाई. घरच्यांना वाटलं पोरगं वाया गेलं. आई अजून पाहुण्यांना ‘कॉम्प्युटरचं काहीतरी लिहितो’ असंच सांगते. पण खरं सांगायचं तर मला ती चार वर्षंच उपयोगी पडली. ऑनलाइन खेळाचं जग म्हणजे एक गाव असतं. त्याला बाजार असतो, गट-तट असतात, जुने मानकरी असतात, कालच आलेली पोरं असतात. फरक एवढाच की या गावाला एकच मालक असतो आणि मनात आलं तर तो रात्रीतून नदी हलवू शकतो. त्या हलवण्याला पॅच म्हणतात. पॅचसोबत कंपनी बदलांची यादी देते, त्या पॅच नोट्स वाचायची सवय लावा. त्यातल्या ‘काही बाबींमध्ये समतोल साधला’ असल्या गुळमुळीत ओळीखाली कुणाची तरी सहा महिन्यांची कमाई मातीमोल झालेली असते. माझ्या बऱ्याच चांगल्या बातम्या खेळातल्या लिलाव-बाजारात सापडल्या. एखाद्या साध्या खनिजाचा भाव अचानक चौपट का झाला, हे विचारत गेलं की कुणीतरी साठेबाजी करतंय, कुणीतरी बॉट (माणसाऐवजी आपोआप खेळणारा प्रोग्राम) चालवतंय, नाहीतर कंपनी काहीतरी बदलणार असल्याचं आतून फुटलंय, असं काहीतरी हाती लागतंच. कांद्यासारखंच आहे.

गावात राहिल्याशिवाय गावाची बातमी कशी चुकते, याचं माझं आवडतं उदाहरण आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळाचं. २७ जानेवारी २०१४ ला त्या खेळात बी-आर५आरबी नावाच्या ग्रहमालेत एकवीस तास लढाई चालली. साडेसात हजारांहून अधिक पात्रं त्यात उतरली, टायटन नावाची ७५ अजस्र जहाजं नष्ट झाली. जगभर मथळा एकच: ‘तीन लाख डॉलरचं नुकसान’. ऐकायला भारी वाटतं, पण तेवढे पैसे कुणाच्या खिशातून त्या दिवशी गेले नव्हते. खेळातलं चलन डॉलरमध्ये मोजायचा एक मार्ग आहे, त्यानं केलेला तो गुणाकार होता. खरी बातमी त्या आकड्याखाली दबली होती. त्या भागावरचा ताबा टिकवायला एका आघाडीला ठरावीक मुदतीत एक रक्कम भरावी लागत होती. ती भरायची राहिली, ताबा सुटला आणि टपून बसलेले शत्रू आत घुसले. वीजबिल थकल्यामुळे राज्य गेल्यासारखं. जिल्हा पानावर बसलेल्या कुठल्याही उपसंपादकानं बिलाचा मथळा केला असता.

आकड्यांचा मोह मात्र सगळ्यांनाच. सेकंड लाइफ हे आभासी जग २००३ मध्ये सुरू झालं आणि २००६ मध्ये त्याची हवा अशी होती की रॉयटर्सनं तिथं चक्क वार्ताहर नेमला. अॅडम पॅसिक हा पत्रकार ‘अॅडम रॉयटर्स’ या नावानं त्या जगात वावरून बातम्या द्यायचा. पुढे काही वर्षांत ते कार्यालय गुंडाळलं गेलं. तेव्हा सगळे नोंदणी केलेल्या खात्यांचे आकडे छापत होते. नोंदणी म्हणजे काय? जत्रेच्या कमानीखालून एकदा गेलेला माणूस. तो आत किती वेळ थांबला, परत आला का, हे त्यातून कळत नाही. एका वेळी किती जण हजर असतात, हा आकडा मागा. फेसबुकनं ऑक्टोबर २०२१ मध्ये नाव बदलून मेटा केलं, त्यानंतर मेटाव्हर्सच्या, म्हणजे असल्याच आभासी जगांच्या, प्रेस नोटांचा जो पूर आला त्यात मी प्रत्येकाला हाच एक प्रश्न परत पाठवायचो. उत्तर फारच थोड्यांकडून आलं. उत्तर न येणं हीसुद्धा बातमीतली एक ओळ असते, ती लिहायची.

पैशांबद्दल सगळे दबक्या आवाजात विचारतात, म्हणून उघड सांगतो. पहिल्या लेखाचे मला बाराशे रुपये मिळाले, तेही तिसऱ्या आठवणीच्या मेलनंतर. केवळ लेखनावर घर चालायला मला तीन वर्षं लागली. त्या काळात भाषांतरं केली, स्पर्धांच्या मराठी प्रक्षेपणासाठी टिपणं लिहून दिली. या तीन वर्षांत सगळ्यात मोठा मोह रमी आणि फँटसी अॅपच्या ‘प्रायोजित’ लेखांचा होता. एका लेखाला माझ्या महिन्याभराच्या मानधनाइतके पैसे. मी दोन केले. तिसऱ्याला नाही म्हटलं, ते तत्त्वनिष्ठेनं वगैरे नाही, मामेभावानं त्याच अॅपमध्ये बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे घालवले आणि मला फोन करून विचारलं, “तूच लिहिलंयस ना रे हे?”

आता तो मोह कायद्यानंच महाग केलाय. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा कोर्टात दशकानुदशकं घोळलेला वादही या कायद्यानं बाजूला ठेवला: पैसे लागले की तो मनी गेम. ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, मात्र वेगळं आणि मान्यताप्राप्त. तरी आपल्याकडे ‘ऑनलाइन गेमवर बंदी’ असे मथळे आलेच, आणि बीजीएमआय खेळणाऱ्या पोरांच्या आया घाबरून मला फोन करत राहिल्या. कायद्याची बातमी द्यायची तर मूळ मसुदा उघडा, व्याख्यांचं कलम वाचा. कंटाळवाणं असतं. चहा घेऊन बसा.

मतलेखाबद्दल थोडंच सांगतो. ‘गेमच्या नादात मुलानं जीव दिला’ अशी बातमी पोलिसांकडून येते तेव्हा लगेच त्यावर मत लिहू नका. घरात काय चाललं होतं, निकाल कधी लागला होता, हे कुणी विचारलंय का ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्या निदानासाठीसुद्धा साधारण बारा महिन्यांचं वर्तन बघतात. तुम्ही एका प्रेस नोटवरून निदान करू नका.

परीक्षणात मी एकदा सपाटून आपटलोय. एका ऑनलाइन खेळात शिरायचा कोड परीक्षणासाठी आठवडाभर आधी मिळाला. रिकाम्या सर्व्हरवर दोन रात्री खेळलो, लोण्यासारखा चालला, साडेचार तारे दिले. खेळ बाजारात आला त्या दिवशी लोक तीन-तीन तास लॉगिनच्या रांगेत उभे आणि मला शिव्या. रिकाम्या एसटी स्टँडवर उभं राहून दिवाळीच्या गर्दीचा अंदाज केला होता मी. आता पहिल्या दिवशी फक्त ‘पहिली नजर’ लिहितो, तारे दोन आठवड्यांनी.

एक काम मात्र पहिल्या दिवसापासून करा: सगळं जपून ठेवा. चॅट, पॅच नोट्स, भावांचे तक्ते, तारखेसकट. मिशिगन विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पीटर लडलो यांनी २००३ मध्ये द सिम्स ऑनलाइन या खेळातल्या भानगडींवर ‘द अल्फाव्हिल हेरल्ड’ नावाचं वृत्तपत्र काढलं, तर वर्ष संपायच्या आत कंपनीनं नियमभंगाचं कारण देऊन त्यांचं खातंच बंद केलं. वार्ताहराला गावातूनच हद्दपार. आपल्यावर एवढी वेळ येत नाही, पण पुरावा आपल्या डोळ्यांदेखत पुसला जातो, तो रोज.

मी सहा वर्षं खेळलेला एक छोटा खेळ मागे कायमचा बंद झाला. हा खराच बंद, सर्व्हरसकट. शेवटच्या रात्री खेळातल्या चौकात शंभरेक जण जमले. कुणी आयुष्यभराची शस्त्रं जमिनीवर मांडून ठेवली होती, कुणीही उचलावीत म्हणून. कुणी उचलत नव्हतं. लिलावात सगळ्याचा भाव एक नाणं. बारा वाजायला दहा मिनिटं असताना पडद्यावर सूचना आली, मग पाच, मग एक. लोक एकमेकांचे फोन नंबर विचारत होते. मग लॉगिनचं पान, आणि त्यावर ‘जोडणी होऊ शकली नाही’. मी वार्ताहर, आणि मी बघतच बसलो होतो. चॅट सेव्ह करायचं राहून गेलं.

गेल्या महिन्यात त्या खेळातल्या आमच्या गिल्डमधल्या (एकत्र खेळणाऱ्यांच्या गटातल्या) एका काकांचा मेसेज आला. नागपूरला असतात, बँकेतून निवृत्त. “त्या रात्रीचं काही आहे का रे तुझ्याकडे? आमचे तिघं आता राहिले नाहीत.” शोधलं. अकरा स्क्रीनशॉट निघाले. त्यातले नऊ माझ्याच घोड्याचे होते. उरलेले दोन पाठवून दिले.