पॉलिप काढण्याआधीचं टेबल: कोल्ड स्नेअरपासून ईएसडीपर्यंत

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर वाढलेली गाठ म्हणजे पॉलिप. ती दुर्बिणीतून (कोलोनोस्कोपीत) काढायच्या आधी काय तयार हवं, ते इथे. आधी रुग्णाची फाइल. रक्त पातळ करणारं औषध कुठलं आणि शेवटचा डोस कधी, हे लिहिलेलं हवं. अ‍ॅस्पिरिन चालू असतानाही बहुतेक पॉलिप काढता येतात. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन असेल तर हृदयाच्या डॉक्टरांशी बोलणं आदल्या आठवड्यात उरकलेलं असावं. पेसमेकरची नोंद बघा. पोट साफ करायला मॅनिटॉल (एक प्रकारची साखर) दिलं असेल तर कॉटरी, म्हणजे विजेच्या करंटने कापणं-भाजणं, नको. आतड्यातले जंतू त्यापासून हायड्रोजन तयार करतात आणि तो ठिणगीने पेटतो. आतडं फुगवण्यासाठी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड घ्या, सिलिंडर भरलेला आहे ना ते पाहा.

१० मिमीपेक्षा लहान पॉलिपला कोल्ड स्नेअर (आवळून कापायचा तारेचा फास) पुरतो: बारीक तारेचा, कॉटरीशिवाय. पॉलिप पडद्यावर घड्याळातल्या पाच-सहाच्या जागी आणायचा आणि भोवतीचं १-२ मिमी निरोगी अस्तर धरून कापायचं. सक्शनच्या नळीत ट्रॅप (नमुना अडवणारी जाळीची डबी) कापण्याआधीच बसवा, नाहीतर नमुना थेट बाटलीत जातो आणि मग गाळत बसावं लागतं. जखमेतून थोडं रक्त झिरपतं, ते बहुधा आपोआप थांबतं. मध्ये पांढरा उंचवटा दिसला तरी तो सहसा उरलेला पॉलिप नसतो.

देठाच्या पॉलिपला हॉट स्नेअर, म्हणजे करंट सोडायचा फास, म्हणून मांडीवर करंट परत नेणारी प्लेट नीट चिकटलेली हवी. डोकं २० मिमी किंवा देठ १० मिमी वा त्याहून मोठा असेल तर देठात १:१०,००० अ‍ॅड्रेनलिन किंवा देठाला लूप अथवा क्लिप, हे हाताशी ठेवा. डोकं समोरच्या भिंतीला टेकलं तर करंट तिकडे जाऊन तिथलं अस्तर भाजतं.

खरी तयारी लागते ती मोठ्या, चपट्या पॉलिपच्या ईएमआरला, म्हणजे पॉलिपखाली द्रावण टोचून तो उचलायचा आणि स्नेअरने कापायचा. सलाइन किंवा जिलेटिनचं द्रावण, त्यात रंगापुरतं इंडिगो कारमाइन (निळा रंग). सलाइन लवकर जिरतं, मोठ्या कामात पुन्हापुन्हा टोचावं लागतं. द्रावण सोडत सोडतच सुई आत न्या, म्हणजे नेमका थर लगेच कळतो. फुगाच येत नसेल तर सुई बहुधा भिंतीपलीकडे गेली आहे, हळूहळू मागे घ्या. पॉलिप उचललाच जात नसेल तर खोलवर गेलेला कर्करोग किंवा आधीच्या बायोप्सीचा व्रण, दोन्ही शक्यता धरा. म्हणूनच काढायच्या चपट्या पॉलिपची आधी बायोप्सी न घेतलेली बरी. टॅटू (जागा पुन्हा सापडावी म्हणून टोचलेली शाई) ही त्याच्याखाली नको, किमान ३ सेंमी दूर. तुकड्यांत काढलं तर कडा स्नेअरच्या टोकाने सॉफ्ट कोॲग्युलेशनवर (कॉटरीचा सौम्य, न कापणारा करंट) जाळा. त्याने पॉलिप पुन्हा उगवण्याचं प्रमाण बरंच घटतं. तरी साधारण सहा महिन्यांनी जागा पुन्हा पाहायचीच.

अंडरवॉटर ईएमआरला सुई लागत नाही. वायू काढून पोकळी पाण्याने भरायची, पॉलिप आपसूक तरंगतो.

ईएसडी, म्हणजे चाकूने अस्तराखालचा थर सोडवत पॉलिप अखंड काढणं, मुख्यतः वरवरच्या कर्करोगाचा संशय असेल तेव्हा. एकसंध तुकडा मिळतो, पण वेळ कितीतरी जास्त आणि भोक पडण्याचा धोकाही जास्त. चाकू, दुर्बिणीच्या टोकाची कॅप, टोचायला हायलुरोनिक अ‍ॅसिड (घट्ट, हळू जिरणारं द्रावण) आणि रक्तवाहिनी धरायचा चिमटा लागतो. सर्जनला आधी कळवा.

कापल्यावर नमुना उलटा करून बघा. निळ्या थरात मधोमध पांढरं वर्तुळ दिसलं तर स्नायू कापला गेला आहे: क्लिप लगेच. ईएसडीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी टाचण्यांनी ताणून लावा, एरवी कडा गुंडाळतात आणि पॅथॉलॉजिस्टला मार्जिन (कापलेली कड रोगमुक्त आहे का) वाचता येत नाही.