डायरीत कुठली तारीख लिहायची

म्हापशातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी २०२२ पासून काम करते. बी.कॉम. होऊन नव्याने या कामात आलेली मुलं शेजारच्या टेबलावर बसतात, आणि पहिल्याच महिन्यात दहा-अकरा तारखेच्या संध्याकाळी, रिटर्नची मुदत संपत आली की, त्यांचे चेहरे उतरलेले दिसतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी पेडण्याची. शाळेपासून सगळं आदल्या रात्री करायची सवय. जर्नल असो की परीक्षा, रात्रभर जागायचं आणि पहाटेची बस धरायची. पास होत गेले, म्हणून सवय पक्की होत गेली. ऑफिसात तर तिचं कौतुकच झालं. रात्री साडेदहाला रिटर्न भरून उठणारी मुलगी सगळ्यांना कामसू वाटते. आठ तारखेला काम संपवून वेळेवर घरी जाणाऱ्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. नवीन माणसाने या कौतुकाला भुलू नये, असं मला फार वाटतं.

२०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला, शनिवारी आली. आमच्याकडे पाच दिवसांचा घरचा गणपती सोडून कुणी कामावर येत नाही. मीही तशीच होते. ऑगस्टच्या विक्रीचा जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न) भरायची शेवटची तारीख ११, म्हणजे नेमका विसर्जनाचा दिवस. माझ्याकडे एका शेटची फाइल होती. चादरी, टॉवेल, पडदे यांचा घाऊक धंदा, गिऱ्हाईक म्हणजे कळंगुटच्या बाजूची हॉटेलं. ऑक्टोबरात सीझन सुरू होतो, त्यामुळे ऑगस्टमध्येच त्यांची मोठी खरेदी झालेली. ‘दीड तासाचं काम आहे, अकराला येऊन करीन’ असं मी ठरवलं होतं.

अकराला दुपारी फाइल उघडली तर मधली सहा बिलं नाहीत. ती संध्याकाळी सहाला आली. पोर्टल रखडत होतं. साडेआठला सगळं भरून झालं, ओटीपी शेटच्या मोबाइलवर गेला, आणि शेट गणपती घेऊन नदीवर गेलेले. मोबाइल घरी. मी फोनवर फोन करत राहिले. त्यांनी परत फोन केला तेव्हा बारा वाजून गेले होते. रिटर्न बारा तारखेच्या सकाळी भरलं गेलं.

दंड दिवसाला ५० रुपये, म्हणजे काहीच नाही, असं मला त्या सकाळी वाटलं. खरं नुकसान नंतर कळलं. खरेदीदाराला खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळतं ते त्याच्या २बी मध्ये (पोर्टलवर त्याच्या नावाने तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीत) दिसणाऱ्या बिलांवर. हा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. दरमहा रिटर्न भरणाऱ्याचा जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत गेला तरच ती बिलं चौदाला तयार होणाऱ्या २बी मध्ये येतात; बाराला गेला तर थेट पुढच्या महिन्यात. हॉटेलांच्या अकाउंटंटनी बिलं दिसत नाहीत म्हणून कराची रक्कम अडवून ठेवली. शेट ऑफिसात आले. ओरडले नाहीत. माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून पिशवीतून बिलबुक काढलं, पानं उलटली आणि म्हणाले, “बाय, एका दिसान म्हजो म्हयनो गेलो.”

त्यानंतर दोन महिने मी प्रत्येक फाइलचा वेळ लिहून काढला. शेटच्या फाइलचं टॅलीतलं (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधलं) काम खरंच दीड तासाच्या आसपास होतं. पण कागदांची वाट पाहण्यात चार दिवस जात होते. मी आळशी नव्हते, हे मला तेव्हा कळलं. माझा अंदाज फक्त माझ्या हातांचा होता, दुसऱ्यांच्या हातांचा त्यात हिशोबच नव्हता. हे सगळ्यांचंच होतं. १९९४ च्या एका अभ्यासात रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४८-४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. वाईटातला वाईट अंदाजसुद्धा कमी पडला.

पहिला उपाय मी चुकीचा केला: डायरीत ११ च्या जागी ८ लिहिलं. मनाला खरी तारीख ठाऊक असते. ते आठला हलत नाही. मग मी शेवटची तारीख लिहिणंच सोडलं आणि कागद मागायची तारीख लिहायला लागले. दर महिन्याची २ तारीख. त्या दिवशी काम संपवायचं नसतं, प्रत्येक फाइल फक्त दहा मिनिटं उघडायची. उघडली की काय नाही ते दिसतं. एरवी मी ‘शेट, बिलं पाठवा’ असा मेसेज करायची आणि त्याला ‘हो’ एवढंच उत्तर यायचं. आता लिहिते, ‘१०४ ते १३७ मिळाली, त्यात ११९ आणि १२६ नाहीत. रद्द झाली असतील तर तसं कळवा.’ याला त्याच दिवशी उत्तर येतं, कारण शोधायचं काय ते माणसाला कळलेलं असतं. जीएसटीआर-१ मध्ये बिलांचे अनुक्रमांक आणि रद्द किती हे द्यावंच लागतं, म्हणजे हा प्रश्न कधीतरी विचारायचाच असतो.

विचारायची वेळसुद्धा बघा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार. त्या दिवशी दुकानदार फोन उचलत नाही आणि उचलला तरी बिलबुक उघडत नाही. दुपारी एक ते साडेतीन दुकानं बंद. मी सकाळी साडेदहाच्या आधी नाहीतर चारनंतरच फोन करते.

आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते हे: प्रत्येक पार्टीला आधीच सांगून ठेवायचं, ‘आठला चार वाजता आकडा सांगायला फोन करीन, ओटीपीसाठी मोबाइल जवळ ठेवा.’ स्वतःला दिलेली तारीख मी मोडत होते. कुणी फोनची वाट बघत बसलं असेल तर मात्र मला ती मोडवत नाही. आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) करून परीक्षा देणाऱ्यांनीही आधी जुनी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं उघडावी आणि कुठला विषय कुणाला विचारायचा ते त्याच दिवशी ठरवून टाकावं.

सवय एकदम गेली नाही. २०२५ च्या मार्चअखेरीस दोन फाइली पुन्हा रात्रीवर गेल्या, आणि दोन्हींत मी दोन तारखेला फाइल उघडलेली नव्हती.

त्या वर्षी ८ सप्टेंबरला चार वाजता शेटना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. “बोल बाय,” म्हणाले, “बिलबुक घेऊनच बसलोय.”