मन्सा मूसावर लेख लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकांची कामं सुरू झाली की माझ्याकडे इतिहासाचे लेख तपासायला येतात. अलीकडे त्यात घाना, माली आणि सोंघाई ही पश्चिम आफ्रिकेतली जुनी साम्राज्यं आणि मालीचा चौदाव्या शतकातला राजा मन्सा मूसा हटकून असतात. विषय झकास आहे. पण बहुतेक लेख दोन व्हिडिओ बघून एका बैठकीत उरकलेले असतात, आणि त्यांतल्या चुकाही त्याच त्या.

पहिली चूक, जिच्यावर माझा खास राग आहे: "तिथे मीठ सोन्याच्या भारोभार विकलं जाई."

एका अंकासाठी एका हुशार पण घायकुत्या मुलाने लेख पाठवला होता. शीर्षकच मुळी 'भारोभार' असं. मी विचारलं, हे कोणी लिहून ठेवलंय? उत्तरादाखल तीन लिंका आल्या. तोवर चित्रकाराने पानभर तराजू काढून दिला होता, एका पारड्यात मीठ, दुसऱ्यात मोहरा. संपादक म्हणाले, "आता राहू दे हो, चित्राचे पैसेही देऊन झालेत." अंक छापून गेला. महिन्याभरात एका सराफ वाचकाचं पत्र आलं: असा भाव असेल तर ती माणसं आमटीत मीठ घालत होती की सोनं?

खरं तर आकडा हाताशी होता. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1352 साली सहाराच्या उत्तर काठावरच्या सिजिल्मासाहून वाळवंट ओलांडून मालीला गेला. त्याने लिहिलंय की उंटाचं एक ओझं मीठ वाळवंटाच्या दक्षिण काठावरच्या वलाता गावात 8 ते 10 मिस्काल सोन्याला जाई आणि मालीच्या राजधानीत 20 ते 30 मिस्कालला, कधी 40 पर्यंत. मिस्काल म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम. चढ्यातला चढा भाव धरला तरी 170 ग्रॅम, म्हणजे पंधरा तोळ्यांच्या आतच. उंटाचं ओझं कमीत कमी सव्वाशे किलो धरा. सोन्याच्या वजनाच्या सातशेपट मीठ झालं! पाचवीतल्या पोराला जमेल असा हा गुणाकार-भागाकार कोणी करत नाही, कारण 'भारोभार' ऐकायला छान वाटतं.

आणि गंमत अशी की खरी गोष्ट त्याहून रंगतदार आहे. सहारातल्या तघाझाच्या खाणीत मिठाच्या लाद्या निघत, एका उंटावर दोन. तिथली घरं आणि मशीदही मिठाच्या ठोकळ्यांची, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. त्याच लाद्यांचे तुकडे पाडून दक्षिणेत नाण्यासारखे चालवत. वलाता ते राजधानी एवढ्या टप्प्यात मालाची किंमत अडीच-तीनपट, कधी चौपट होई. लिहायचं ते याबद्दल लिहा. त्या खाणीत खपणारी माणसं वाळवंटातल्या मसूफा लोकांची गुलाम होती, हेही लिहा. परतीच्या वाटेवर इब्न बतूता ज्या काफिल्यातून आला त्यात सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. 'सोनं आणि मीठ' म्हणून थांबणारे लेख मी परत पाठवते.

दुसरी लाडकी चूक: "मन्सा मूसाने कैरोत एवढं सोनं वाटलं की इजिप्तची अर्थव्यवस्था कोसळली." मूसा 1324 साली हजला जाताना कैरोत थांबला, सोनं सढळ हाताने वाटलं, हे खरं. अल्-उमरी या अरब लेखकाने सुमारे बारा वर्षांनी कैरोतल्या लोकांना विचारून जे टिपलं ते असं: आधी सोन्याच्या मिस्कालचा भाव 25 दिरहमच्या (चांदीच्या नाण्यांच्या) खाली येत नसे, त्यानंतर तो 22 च्या वर गेला नाही. म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास घसरण, तीही बरीच वर्षं टिकलेली. मोठी गोष्ट आहे, पण याला कोसळणं म्हणत नाहीत. परतताना याच मूसाला कैरोच्या व्यापाऱ्यांकडून भरमसाट नफा कबूल करून कर्ज घ्यावं लागलं. 'जगातला सर्वांत श्रीमंत माणूस, 400 अब्ज डॉलर' लिहिणारे हा भाग हमखास गाळतात. ते डॉलर कोणी मोजले? मूसाबरोबरचे साठ हजार लोक तर तीनशेहून जास्त वर्षांनी लिहिलेल्या 'तारीख अस्-सुदान' या बखरीतले आहेत.

माझी सवय सांगते. प्रत्येक आकड्यापुढे समासात तीनपैकी एक खूण करायची: पाहिलं, ऐकलं, मागाहून. इब्न बतूता 'पाहिलं'. अल्-उमरी 'ऐकलं'. अंदलूसचा (मुसलमानी स्पेनचा) भूगोलकार अल्-बक्रीही 'ऐकलं'. त्याने 1068 च्या सुमारास घानाच्या राजाचं इतकं बारकाईने वर्णन केलंय (आत येणाऱ्या गाढवाच्या मिठाच्या ओझ्यावर एक दिनार, बाहेर जाणाऱ्यावर दोन), पण स्वारी अंदलूस सोडून कधी आफ्रिकेत गेलीच नाही. म्हणून तो टाकाऊ ठरत नाही, पण "अल्-बक्रीने पाहिलं" असं लिहिलंत की तुमचं बाकीचं लिखाणही मी संशयाने वाचते.

पाहणाऱ्याचाही मूड बघावा. इब्न बतूताने मूसाच्या भावाला, तेव्हाचा राजा मन्सा सुलेमानला, कंजूष म्हटलंय. का? राजाची भेट आली म्हणून तो लगबगीने उठला, आणि पाहतो तर काय, तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि भोपळ्यात दही. हा माणूस दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाच्या पदरी काझी होता, आपल्या दौलताबादेलाही येऊन गेलेला. तुघलकाच्या खिलतींची (मानाच्या पोशाखांची) सवय असलेल्याला दही कसं गोड लागणार! पण त्याच मालीतली सुरक्षितता आणि शुक्रवारच्या नमाजाची गर्दी त्याने तोंडभरून वाखाणली आहे. दोन्ही लिहा.

"मूसा मुसलमान, म्हणून सगळं माली मुसलमान." नाही. इस्लाम तिथे मुख्यतः काफिल्यांबरोबर आला, व्यापाऱ्यांत आणि दरबारात आधी रुजला. अल्-बक्रीच्या घानात राजा जुन्या धर्माचा, पण दुभाषे, खजिनदार आणि बरेचसे मंत्री मुसलमान. बारा मशिदींचं मुसलमानांचं शहर वेगळं, राजाचं वेगळं. मूसाने तर कैरोत सांगितलं होतं म्हणे, की सोनं काढणाऱ्यांच्या मुलखात धर्म पसरवायला गेलं की सोनंच आटतं, म्हणून त्यांना तसंच राहू देतो. सुलेमानच्या दरबारात ईदच्या दिवशी भाट पक्ष्याचं सोंग घेऊन राजापुढे उभे राहत. इब्न बतूताला ते रुचलं नाही, पण राजाला चालत होतं.

आजचा घाना देश आणि ते साम्राज्य एक नव्हे. साम्राज्याची राजधानी मानतात ते कुम्बी सालेह मॉरिटानियात आहे, आजच्या घानाची राजधानी आक्रापासून हजार किलोमीटरहून लांब.

मालीतल्या जेन्ने गावच्या मशिदीचा फोटो लावून खाली 'मूसाने बांधलेली' लिहू नका. आजची ती इमारत 1907 ची आहे. 1375 च्या कॅटलन नकाशातला सोन्याचा गोळा धरलेला मूसा म्हणजे मायोर्काच्या चित्रकाराची कल्पना.

'सांकोरे विद्यापीठ, 25 हजार विद्यार्थी' हेही आवरा. सांकोरे ही मालीतल्या तिंबक्तू शहरातली मशीद. तिंबक्तूत शिकणं म्हणजे एका गुरूपुढे बसून एक ग्रंथ पुरा करणं आणि त्याची इजाजत, म्हणजे तो शिकवायची परवानगी, मिळवणं. मशिदीत, बहुतेकदा गुरूच्या घरी. कुलगुरू नाही, प्रवेश अर्ज नाही. आकडे फेकण्यापेक्षा मुहम्मद बगायोगोबद्दल लिहा. हा सोळाव्या शतकातला गुरू, व्यापारासाठी नावाजलेल्या वंगारा लोकांतला. दारात कोणी अनोळखी आला आणि ग्रंथ मागितला, तर नाव न विचारता देऊन टाकायचा, दुर्मिळ असला तरी. व्याकरणाचं एक पुस्तक मागितलं तर घरात शोधून त्या विषयावरची होती नव्हती ती सगळी आणून ठेवायचा. हे त्याचा शिष्य अहमद बाबाने लिहिलंय. अहमद बाबाच्या स्वतःच्या संग्रहात 1600 ग्रंथ होते आणि आपल्या गोतावळ्यात सर्वांत लहान संग्रह माझाच, असं तो सांगे.

मोरोक्कोच्या फौजेने 1591 साली तोंदिबी या गावी बंदुकांच्या जोरावर सोंघाईला हरवलं आणि पुढे अहमद बाबाला मराकेशला धरून नेलं. तिथून सुटून तो तिंबक्तूला परत आला आणि मरेपर्यंत, 1627 पर्यंत, तिथेच राहिला. तारीख अस्-सुदान लिहिणारा अस्-सादीही तिंबक्तूचाच, सतराव्या शतकातला. त्यामुळे '1591 मध्ये तिंबक्तूची विद्या संपली' हे वाक्य दिसलं की मी ही दोन्ही नावं समासात लिहून लेख परत धाडते.