इंधनाच्या नमुन्यात रेघ दिसली नाही, तरी थांबा

पावसाळ्यात सेसना १७२ या छोट्या विमानावर उडायला शिकत असाल, तर सकाळच्या पहिल्या उड्डाणाआधी इंधनाचा नमुना काढताना घाई करू नका. रात्रभर विमान उघड्यावर, टाक्या अर्ध्या रिकाम्या. दमट हवेतलं पाणी आत साचतं, कधी झाकणाच्या झिजलेल्या रबरातूनही झिरपतं. पाणी इंधनापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं.

नमुना पारदर्शक कपात घेऊन पांढऱ्या पंखासमोर धरा. १०० एलएल एव्हगॅस, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, फिकट निळं दिसतं. तळाशी बिनरंगी थेंब गोल फिरताना दिसले की ते पाणी, हे सगळ्यांना माहीत असतं. फसगत होते ती वेगळीकडेच. सगळा कप पाण्यानेच भरला, तर पाणी आणि इंधन वेगळं दाखवणारी रेघच मध्ये दिसत नाही, आणि नवखा विद्यार्थी ‘स्वच्छ आहे’ म्हणून पुढे जातो. म्हणून रंग बघा, वास घ्या. तरी शंका वाटली तर कपात बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब टाका. तो तळाशी वेगळा दिसला तर इंधन; विरून गेला तर कपात पाणीच आहे.

सेसनाच्या १७२ एस या मॉडेलमध्ये नमुना काढायच्या १३ जागा आहेत: प्रत्येक पंखाखाली ५, पोटाखाली ३. वाकून वाकून पाठ भरून येते, खरं आहे, पण एकही जागा सोडू नका. पाणी निघालं तर पंख हलकेच हलवा, थोडं थांबा, पुन्हा काढा. तरीही येतच राहिलं तर उड्डाण रद्द करा आणि इंजिनीअरला बोलवा.